पिन, पट्टी आणि चिखल

सत्तर किलो वजनाचा स्वार चढावर पेडलवर उभा राहतो, तेव्हा चेनवर किती ओढ येते? हिशेब सोपा आहे. माउंटन बाइकच्या क्रँकची लांबी बहुतेक वेळा १७० किंवा १७५ मिलिमीटर असते. पुढच्या ३२ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या भरते सुमारे ६५ मिलिमीटर. १७५ ला ६५ ने भागलं की २.७ येतात. म्हणजे पेडलवरचे ७० किलो चेनपर्यंत पोचताना जवळजवळ १९० किलो झालेले असतात. पुढे तीन चेनव्हील असलेल्या जुन्या सायकलवर सर्वांत लहान, २२ दात्यांचं चेनव्हील लावलं, तर हा आकडा २७५ च्या घरात जातो. पायाला गिअर हलका लागतो, त्याच वेळी चेनवरची ओढ वाढलेली असते. खडकाळ चढावर चेन तुटते ती बहुधा अशाच घडीला, आणि स्वाराने नेमका तेव्हाच गिअर बदलला तर तिचं तुटणं आणखी सोपं होतं.

एवढी ओढ सोसणारी चेन मागच्या बारा चक्रांच्या संचासाठी, म्हणजे कॅसेटसाठी, जेमतेम सव्वापाच मिलिमीटर रुंद असते. तिची बाहेरची पट्टी पिनेला धरून असते ती फक्त आपल्या जाडीपुरती, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. या चिमुकल्या जागेकडे नीट पाहिलं की चेनच्या देखभालीतलं जवळजवळ सगळं आपोआप उलगडतं. चेन झिजते ती पिनेच्या मधल्या भागावर आणि तुटते ती पिनेच्या टोकाशी. धुणं, पुसणं, तेल घालणं ही सगळी मेहनत पहिल्या जागेसाठी असते. जोडणी करताना घ्यायची काळजी दुसऱ्या जागेसाठी असते. या दोन्ही जागा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून चकचकीत चेन आतून संपलेली असू शकते आणि काळवंडलेली चेन आतून ठणठणीत.

आजच्या चेनचा मूळ आराखडा १८८० सालचा आहे. हान्स रेनॉल्ड या स्विस तंत्रज्ञाने इंग्लंडमध्ये, मँचेस्टर परिसरात, कापड गिरण्यांसाठी चेन बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला होता. त्या काळच्या चेनमध्ये पिना थेट पातळ पट्ट्यांवर घासत आणि भराभर झिजत. रेनॉल्डने पिनेभोवती नळी बसवली आणि नळीवर सुटा फिरणारा रोलर. घर्षण पट्टीच्या धारेवरून नळीच्या पूर्ण रुंदीवर पसरलं आणि दात्यावर घासण्याऐवजी रोलर फिरू लागला. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, अशी ती सायकल होती. सायकलचा तो साचा अजून बदललेला नाही. १९०३ मध्ये राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत नेणाऱ्या चेनही याच घराण्यातल्या होत्या. दोन्ही पंखे उलटसुलट दिशांनी फिरावेत म्हणून त्यांनी एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली होती. डेटनमधल्या आपल्या सायकलच्या दुकानात वर्षानुवर्षं हात काळे केलेल्या माणसांनाच अशी युक्ती सुचावी.

त्यानंतर सायकलच्या चेनमध्ये महत्त्वाचा बदल झाला तो नळी काढून टाकण्याचा. आता आतल्या दोन पट्ट्यांच्या भोकांच्या कडाच आतल्या बाजूला वळवून उंचवटे केलेले असतात आणि ते उंचवटेच नळीचं काम करतात. फ्रान्सच्या सेडिस कंपनीच्या चेननी ही पद्धत रूढ केली. त्यामुळे चेन बाजूला जास्त लवचीक झाली आणि गिअर बदलणं सोपं झालं. शिवाय दोन उंचवट्यांच्या मधे फट राहते, तिच्यातून तेल आत जातं. चिखलाचं पाणीही त्याच फटीतून आत जातं.

दोन पिनांमधलं अंतर मात्र ठरून गेलं आहे. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. घरातली साधी काळी सायकल असो की लाखाच्या पलीकडची माउंटन बाइक, हे माप एकच. बदलत गेली ती रुंदी. आठ गिअरांची चेन बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर, नऊची ६.६, दहाची ६ च्या आसपास, अकराची साडेपाच, बाराची सव्वापाच. मागच्या कॅसेटवर तेवढ्याच जागेत जास्त चक्रं कोंबायची तर चेन बारीक करण्याला इलाज नव्हता. दुकानात जाऊन नुसतं ‘गिअरच्या सायकलची चेन द्या’ म्हणून भागत नाही ते यामुळेच. मागची चक्रं मोजून जावं.

आता झीज. चेन ‘ताणली गेली’ असं सगळे म्हणतात, मेकॅनिकही म्हणतात. पण पोलादी पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा उंचवटा यांच्यातलं पोलाद किंचित खरवडलं जातं, सांधा तेवढा ढिला होतो आणि शंभराहून जास्त सांध्यांचा ढिलेपणा एकत्र येऊन चेन लांब वाटते. ११६ कड्यांची नवी चेन सुमारे १४७ सेंटिमीटर भरते. ती अर्धा टक्का लांबली म्हणजे सात मिलिमीटर वाढली. एका सांध्यावर ही झीज पडते सरासरी ०.०६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतकी. एवढ्या झिजेवर अकरा-बारा गिअरांची चेन बदलायची वेळ येते.

एवढ्याशा झिजेचं कौतुक कशासाठी, असं वाटेल. कारण कॅसेट. चेन लांबली की तिचे रोलर दात्याच्या तळाशी बसत नाहीत, वर सरकतात. मग सगळा भार थोड्याच दात्यांवर येतो, तेही त्यांच्या माथ्याजवळ. दाते एका बाजूने खाल्ले जाऊन आकड्यासारखे वाकडे होतात. अशी झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट एकमेकींशी जुळवून घेतात आणि सायकल बरी चालल्यासारखी वाटते. मग एके दिवशी चेन बदलली की नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारू लागते, चढावर पाय अचानक खाली जातो, आणि दुकानदाराने खराब माल दिला असा समज होतो. दोष त्या चेनचा नसतो. कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग असते, म्हणून वेळेवर बदललेली चेन हाच त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग.

मोजायला चेन चेकर नावाचं पातळ पोलादी माप मिळतं. ते नसेल तर इंचाच्या खुणा असलेली फूटपट्टी पुरते. चेन ताणून धरावी, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावं आणि तिच्यापुढची चोविसावी पिन पाहावी. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर येते. १२ इंचांच्या पुढे दीड मिलिमीटर गेली की अर्धा टक्का. अकरा-बारा गिअरांना इथेच थांबावं. सहा ते दहा गिअरांची चेन पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरपर्यंत, चालवायला हरकत नाही. किती किलोमीटरला चेन बदलावी या प्रश्नाला खरं उत्तर नाही. दोन मित्रांची एकाच कंपनीची चेन, एकाची डांबरी रस्त्यावर आणि दुसऱ्याची भर पावसात घाटवाटांवर चाललेली, यांच्या आयुष्यात अनेक पटींचा फरक पडतो. म्हणून किलोमीटर मोजू नयेत, चेन मोजावी.

हा फरक कशामुळे पडतो? पेडल मिनिटाला ८० वेळा फिरत असेल आणि पुढे ३२ दाते असतील, तर चेनचा एकेक सांधा मिनिटाला सुमारे बावीस फेऱ्या करतो. प्रत्येक फेरीत चेनव्हील, मागचं चक्र आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या दोन पुली यांच्यावर चढताना आणि उतरताना तो एकूण आठ वेळा वाकतो किंवा सरळ होतो. तासाभरात ही संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. सांध्यात स्वच्छ तेल असेल तर ही दहा हजार वळणं जवळपास फुकट पार पडतात. सांध्यात बारीक कचकच असेल तर प्रत्येक वळण पोलादाला घासत जातं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगातून एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. चेन किती ताकद वाया घालवते हे त्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलं. सर्वांत चांगल्या स्थितीत चेनने पेडलवरची ९८.६ टक्के ताकद मागच्या चाकाला पोचवली. सर्वांत वाईट आकडा ८१ टक्क्यांचा होता. फरक पडत होता तो दातेरी चक्रांच्या आकाराने आणि चेनच्या ताणाने. वंगणाने, किंवा वंगण काढून टाकल्यानेही, प्रयोगशाळेतल्या त्या स्वच्छ हवेत म्हणावा असा फरक पडला नाही. स्पायसर यांचा अंदाज असा होता की वंगणाचं मोठं काम जागा अडवण्याचं आहे, म्हणजे तिथे धूळ शिरू नये. बाहेर ती स्वच्छ हवा नसते, आणि डोंगरात तर नसतेच. मला हा विचार चेनच्या देखभालीची किल्ली वाटतो. तेल निवडताना ‘घसरण किती कमी करतं’ याच्या जाहिराती वाचण्यापेक्षा ‘माझ्या वाटेवरची माती याला चिकटेल का’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

सह्याद्रीत या प्रश्नाचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. मार्च ते मे मुरमाची धूळ उडते. कोकणात आणि महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याची लाल पूड असते. अशा वेळी चेनला घट्ट, ओलसर तेल लावणं म्हणजे धुळीला बोलावणं. तेल आणि बारीक पूड यांचं मिश्रण धातू घासायच्या लगद्याचं काम करतं. या दिवसांत कोरडं वंगण किंवा मेण बरं. जूनपासून गणित उलटतं. पाणी कोरडं वंगण तासाभरात धुऊन नेतं आणि चेन किरकिरायला लागते, म्हणून पावसाळ्यात पाण्याला न हटणारं जाड चेन ऑइल हवं. त्यावर माती चिकटतेच, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पुसण्याचं काम वाढतं. पठारावरची काळी चिकण माती तर टायर आणि फ्रेमच्या मधे दाटून बसते आणि तिथून गोळे होऊन चेनवर पडते. अशा वाटेवर पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी चेनसाठी राखून ठेवावं आणि डिरेलर जड व्हायच्या आत चिखल धुऊन टाकावा.

घरात जे तेल सापडतं त्याबद्दल थोडं. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, आत छान जातं आणि तितक्याच लवकर निघूनही जातं. कोरड्या दिवसांत छोट्या फेरीपुरतं ठीक. मोटरसायकलमधून काढलेलं काळं ऑइल अजिबात नको, त्यात धातूची पूड आधीच मिसळलेली असते. डब्ल्यूडी-४० हा निळा-पिवळा डबा घरोघरी असतो. तो १९५३ मध्ये तयार झाला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. भिजलेल्या चेनवर फवारून पाणी काढायला तो उत्तम आहे, पण चेनचं तेल म्हणून पुरा पडत नाही. फवारल्यावर चेन पुसून वरून खरं तेल घालावंच लागतं.

तेल घालण्याची रीत साधी आहे, तरी बहुतेक जण उलटी करतात. सायकल उभी करून चेनच्या खालच्या धावेवर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकावा. क्विक लिंकपासून, म्हणजे चेनच्या जोडकडीपासून, सुरुवात केली म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. मग पेडल उलटं फिरवत राहावं आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी कोरड्या फडक्यात चेन धरून बाहेरचं तेल पुसून टाकावं, अगदी बोट काळं होणार नाही इतकं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. तेल लावून लगेच डोंगरावर निघणारा माणूस चेनचा शत्रू. तेल आत जिरायला वेळ द्यायलाच हवा.

धुण्याच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. वारंवार धुण्यापेक्षा वारंवार पुसावं. फेरीनंतर दोन मिनिटं फडकं धरून पेडल उलटं फिरवलं तर बाहेरची माती आत जायच्या आधीच निघते. पूर्ण धुणं लागतं ते चेन हातात धरून वाकवल्यावर आतून कचकच ऐकू आली तर. तेव्हा चेन काढून डब्यात थोडं रॉकेल किंवा डिग्रीझर घेऊन हलवावी, गाळ खाली बसला की नव्या रॉकेलमध्ये पुन्हा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात, आणि पूर्ण वाळल्यावरच तेल. पेट्रोलने हे काम झटकन होतं म्हणून पुष्कळ जण करतात. घरात, बंद खोलीत पेट्रोलशी खेळू नये. गंज काढायची आम्लं तर चेनला कधीच लावू नयेत. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. वरून चकचकीत दिसणारी पट्टी मग ओढीखाली तडकते. गाड्या धुणाऱ्या मोटरपंपाचा जोरदार फवाराही टाळावा, तो चिखल थेट सांध्यात दाबतो.

मेणाची पद्धत अलीकडे आपल्याकडेही रुळू लागली आहे. नवी चेन कारखान्यातलं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवायची, पॅराफिन मेण वितळवायचं, त्यात चेन बुडवून हलवायची आणि बाहेर काढून थंड होऊ द्यायची. मेण थेट आगीवर कधीच ठेवू नये. मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं लहान भांडं, अशीच रचना हवी. गार झालेली चेन कडक होते. ती हाताने वाकवून मोकळी करावी लागते. उन्हाळ्यातल्या धुळीत ही चेन हाताला काळं न लावता चालते, मात्र पावसाच्या एका सरीनंतर पुन्हा मेण द्यावं लागतं. ज्याला दर काही दिवसांनी चेन काढायचा कंटाळा नाही त्याच्यासाठीच हा मार्ग आहे.

वारंवार चेन काढायची तर वारंवार जोडायचीही आली. इथे दुसऱ्या जागेकडे, पिनेच्या टोकाकडे वळावं लागतं.

साध्या काळ्या सायकलवर चेन जोडायला एक पट्टी आणि तिच्यावर माशासारखी फट असलेली क्लिप असते. मोटरसायकलवाले तिला चेनलॉक म्हणतात. क्लिपचं बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवायचं, म्हणजे काही आपटलं तरी क्लिप निसटत नाही. गिअरच्या सायकलवर ही क्लिप चालत नाही. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकताना तिची बाजू शेजारच्या दात्यांना घासते आणि बाहेर आलेली क्लिप अडकते. म्हणून जुन्या गिअरच्या सायकलींची चेन पिनेनेच जोडत. चेन टूलच्या स्क्रूने पिन जवळजवळ बाहेर ढकलायची, पण लांबच्या पट्टीत अडकलेली ठेवायची, आणि जोडताना तीच पिन परत आत रेटायची. पुष्कळ वर्षं हे चाललं आणि चांगलं चाललं, कारण तेव्हाची चेन रुंद होती, पिनेचं टोक पट्टीबाहेर बऱ्यापैकी येत असे.

चेन बारीक होत गेली तसा हा मार्ग बंद झाला. पट्टीबाहेर पिनेचं टोक उरेना. मग कारखान्यात पिनेचं टोक ठोकून किंचित पसरवू लागले, म्हणजे पट्टी बाहेर सरकू नये. अशी पिन एकदा बाहेर ढकलली की पसरलेली कडा पट्टीच्या भोकातून खरवडत जाते. कडाही जाते आणि भोकही किंचित मोठं होतं. तीच पिन परत घातली तर दिसायला सगळं जागच्या जागी असतं, पण पकड अर्धवट. पुढच्या चढावर गिअर बदलताना चेनला पीळ पडतो आणि पट्टी पिनेवरून निसटते. तुटलेली चेन हातात घेऊन पाहा. बहुतेक वेळा पट्टी फाटलेली नसते. ती वाकडी होऊन पिनेच्या टोकावरून उपसलेली असते.

यावर शिमानोने काढलेला उपाय म्हणजे खास जोडपिन. ती लांब असते, पुढच्या टोकाला निमुळता वाटाड्या भाग असतो. हाताने ती दोन्ही टोकांतून सरकवायची, चेन टूलने आत दाबायची, शेवटी एक जोरदार अडथळा ओलांडल्याचं हाताला जाणवतं, आणि मग पुढचा भाग पकडीने मोडून टाकायचा. ही पिन एकदाच वापरायची. पुन्हा चेन उघडायची झाली तर दुसऱ्या जागी उघडावी आणि नवी पिन घ्यावी.

आज बहुतेकांच्या सायकलवर असते ती क्विक लिंक, म्हणजेच मास्टर लिंक. केएमसीची ‘मिसिंग लिंक’, स्रॅमची ‘पॉवरलिंक’ आणि ‘पॉवरलॉक’, शिमानोची स्वतःची, अशी नावं वेगळी, तत्त्व एकच. दोन सारखे तुकडे, प्रत्येकात एक पिन आणि एक लांबट भोक. भोकाचं एक टोक मोठं, दुसरं अरुंद. पिन मोठ्या टोकातून आत जाते आणि ओढ बसली की अरुंद टोकात जाऊन बसते. ओढ जितकी जास्त तितकी पकड घट्ट. तुटण्याची जी नेहमीची रीत, पट्टी पिनेवरून बाजूला निसटण्याची, तिलाच या रचनेने अडवलं आहे. मला विचाराल तर माउंटन बाइकवर क्विक लिंकला पर्याय शोधूच नये.

जोडताना पाहायच्या गोष्टी अशा. चेनची दोन्ही टोकं आतल्या, अरुंद पट्ट्यांची हवीत. जोडपिन वापरायची असेल तर मात्र एक टोक आतलं आणि एक बाहेरचं लागतं. लिंक चेनच्याच गिअरसंख्येची हवी. नऊची लिंक अकराच्या चेनवर बसल्यासारखी वाटते आणि चक्रांमध्ये अडकते, अकराची नऊवर नीट बसतच नाही. चेन डिरेलरच्या पिंजऱ्यातून नेताना दोन पुलींच्या मधे एक छोटी पट्टी असते, तिच्या चुकीच्या बाजूने चेन गेली तर सायकल चालते पण सतत खरखरते, आणि कारण शोधताना डोकं फिरतं. जोडण्याआधीच तिथे बोट फिरवून खात्री करावी. काही लिंकवर बाण असतो, तो चेनच्या धावण्याच्या दिशेला. काही चेनच्या एका बाजूला अक्षरं असतात, ती बाहेर. दोन्ही तुकडे विरुद्ध बाजूंनी घालून हाताने थोडं ओढावं, मग पेडल उलटं फिरवून लिंक वरच्या धावेच्या मध्यावर आणावी, मागचा ब्रेक घट्ट धरावा आणि पेडलवर जोराने पाय द्यावा. ‘टक’ असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नये, वाकून पाहावं. दोन्ही पिना भोकाच्या अरुंद टोकात पूर्ण गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

पिनेने जोडलेल्या सांध्यात कधी कधी कडी अडून बसते आणि चेन तिथे सरळ होत नाही. पेडल उलटं फिरवत डिरेलरकडे पाहिलं की ती कडी पुलीवरून जाताना उडी मारते. दोन्ही बाजूंनी चेन धरून ती आडवी, म्हणजे ज्या दिशेला ती एरवी वाकत नाही त्या दिशेला, हलकेच वाकवावी. पट्ट्यांत केसाएवढी जागा होते आणि कडी सुटते.

क्विक लिंक उघडायला खास पक्कड मिळते. नसेल तर बुटाच्या नाडीने काम होतं. लिंकच्या दोन्ही बाजूंच्या रोलरभोवती नाडी आडवीतिडवी ओवून दोन्ही टोकं जोरात ओढायची, लिंकचे तुकडे एकमेकांकडे सरकतात आणि सुटतात. आठ-नऊ गिअरांच्या बऱ्याच लिंक पुन्हा वापरता येतात. दहाच्या पुढच्या स्रॅम आणि शिमानोच्या लिंकवर कंपनीच एकदाच वापरा असं सांगते, आणि ते ऐकावं. सैल पडलेली लिंक बोटांनी सहज उघडते, तशी झाली की ती टाकून द्यायची.

चेनची लांबी हा विषय कमी बोलला जातो आणि त्यातूनच सर्वांत महाग नुकसान होतं. नवी चेन ११४ ते १२६ कड्यांची मिळते आणि ती कापावी लागते. जुन्या चेनला लावून मापायची सवय आहे, पण मागच्या मालकाने ती चुकीची कापली असेल तर चूक पुढे चालते. खात्रीची रीत अशी. डिरेलरमधून न नेता चेन सर्वांत मोठ्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून घ्यायची, टोकं जिथे जुळतील तिथपासून आणखी एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, ठेवून कापायची. बारा गिअर आणि पुढे एकच चेनव्हील असेल तर कंपन्या थोडी जास्त लांबी सांगतात, ती डिरेलरच्या माहितीपत्रकात पाहावी. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर आणखी एक मेख आहे. सस्पेन्शन दबताना पेडलचा अक्ष आणि मागच्या चाकाचा अक्ष यांच्यातलं अंतर वाढतं. म्हणून शॉकमधली हवा काढून, सस्पेन्शन जिथे हे अंतर सर्वांत जास्त करतं तिथे दाबून लांबी मोजायची. नाही मोजली तर मोठ्या चक्रावर असताना एखाद्या उडीनंतर चेन ताठ होते, आणि तुटतो तो डिरेलर किंवा त्याला फ्रेमशी धरणारा हँगर.

आता वाटेवर चेन तुटली तर. खिशात क्विक लिंक असते म्हणून निर्धास्त असलेले पुष्कळ जण इथे अडकतात. तुटलेल्या जागी एक वाकडी बाहेरची पट्टी लटकत असते. ती काढल्याशिवाय दोन्ही टोकं आतल्या कड्यांची होत नाहीत, आणि ती काढायला चेन टूल लागतंच. म्हणून बहुउपयोगी हत्यारात चेन टूल आहे ना, आणि ते आपल्या बारीक चेनला बसतं ना, हे घरीच तपासावं. पिन ढकलताना चेन टूलच्या दातांमध्ये रोलर सरळ बसलेला हवा. टूलची सुई पिनेच्या मध्यावर नसेल तर सुईच मोडते. चेनची दोन टोकं ताणामुळे सारखी सुटत असतील तर जुन्या स्पोकचा इंग्रजी सी-सारखा वाकवलेला तुकडा दोन्ही टोकांत अडकवावा, दोन्ही हात मोकळे होतात. नवी चेन कापताना उरलेला तुकडा टाकू नये. त्यातल्या चार कड्या आणि दोन क्विक लिंक सीटखालच्या पिशवीत मावतात, आणि मग चेन आखूड न करताच दुरुस्त होते.

कड्या नसल्या आणि चेन एक इंचाने आखूड करावीच लागली, तर उरलेल्या वाटेवर पुढचं मोठं चेनव्हील आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांची जोडी लावू नये. पुढे एकच चेनव्हील असेल तर मागची सर्वांत मोठी दोन चक्रं सोडून द्यावीत, चढ चालत चढावा. घरी आल्यावर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या आठ-दहा कड्या उजेडात धरून पाहाव्यात. पीळ बसतो तेव्हा तो एकाच कडीला क्वचित बसतो. शेजारची एखादी पट्टी किंचित वाकलेली, किंवा एखाद्या पिनेचं टोक एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं सापडतं. अशी एक कडी सापडली तर ती काढून तिथे जपून ठेवलेला तुकडा बसवावा. दोन सापडल्या, किंवा तीच चेन दुसऱ्यांदा तुटली, तर फूटपट्टीवर ती कितीही नवी भरत असली तरी सायकलवर ठेवू नये.